वाटेत अडलेली मोटार

लांबच्या प्रवासाची वर्णने आपण आवडीने वाचतो. त्यांत डोंगर असतात, नद्या असतात, राजवाडे आणि प्रार्थनामंदिरे असतात, ठिकठिकाणच्या खाण्यापिण्याची वाखाणणी असते. गाडी कोठे बंद पडली, का पडली आणि पुन्हा कशी चालू झाली, याचा उल्लेख मात्र आलाच तर ओझरता येतो, आणि तोही थोडासा ओशाळून. प्रवासाच्या पंगतीत बिघाड हा जणू न बोलावता आलेला पाहुणा! परंतु मोटारीचा इतिहास जरा बारकाईने पाहिला म्हणजे ध्यानात येते की, हा पाहुणा नव्हे. हा तर घरचा मास्तर आहे. आज आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारीचे कितीतरी भाग कोणाच्या ना कोणाच्या अडलेल्या प्रवासातून जन्मास आले आहेत. हे शिक्षण मुख्यतः युरोपच्या रस्त्यांवर झाले. त्या रस्त्यांवरच्या काही बिघाडांची आणि त्यांनी दिलेल्या धड्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

आरंभ करावयाचा तो १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यापासून. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमाशी मानहाइम नावाचे शहर आहे. तेथे कार्ल बेन्झ हे यंत्रज्ञ आपला लहानसा कारखाना चालवीत होते. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी यंत्राने चालणाऱ्या तीनचाकी गाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला. ३७४३५ हा त्या एकस्वाचा क्रमांक. त्याच वर्षी ३ जुलै रोजी ती गाडी शहराच्या रस्त्यावर सर्वांच्या देखत धावली. पहिल्या गाडीच्या यंत्राची शक्ती पाऊण अश्वशक्तीच्या आसपास होती. पुढे दोन वर्षांत तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. यंत्र तयार होते, एकस्व हाती होते. नव्हते ते गिऱ्हाईक. लोक कौतुकाने पाहत, घोडे बुजत, आणि संध्याकाळी सर्वजण आपापल्या घोडागाडीत बसून घरी जात. गावातल्या गावात फिरविण्याचे एक चमत्कारिक खेळणे, यापलीकडे त्या गाडीला कोणी किंमत देईना. कार्ल बेन्झ यांचा स्वभावही असा की, एक सुधारणा झाली म्हणजे दुसरी करावी, दुसरी झाली म्हणजे तिसरी. गाडी घेऊन दूर जावे आणि जगाला दाखवावे, हे काही त्यांच्याकडून होत नव्हते.

त्यांच्या पत्नी बर्था यांना मात्र ही कोंडी उघड दिसत होती. १८४९ साली फोर्त्सहाइम येथे जन्मलेल्या या बाई. १८७२ साली त्यांचे लग्न झाले. त्यापूर्वीच त्यांनी माहेरकडून मिळावयाची रक्कम आगाऊ मागून घेतली आणि भावी पतीच्या अडचणीत सापडलेल्या कारखान्यात घातली. म्हणजे या यंत्रात केवळ पतीची बुद्धी नव्हती, तर पत्नीचे स्त्रीधनही होते. सोळा वर्षांच्या ओढाताणीनंतर तयार झालेली वस्तू कारखान्याच्या अंगणातच गंजणार की रस्त्यावर येणार, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता; तो संसाराचा प्रश्न होता.

मुलांच्या शाळेला सुट्टी होती. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा, धाकटा रिचर्ड अजून चौदाही न भरलेला. भल्या पहाटे, पती निजलेले असताना, त्यांना पूर्वकल्पना न देता या तिघांनी तीनचाकी गाडी बाहेर काढली आणि फोर्त्सहाइमची, म्हणजे मुलांच्या आजोळची, वाट धरली. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. यंत्राच्या गाडीने त्यापूर्वी इतका लांबचा प्रवास कोणीही केलेला नव्हता. त्या काळी पेट्रोलचे पंप नव्हते, मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री नव्हता, आणि हे वाहन काय आहे हे वाटेवरच्या गावांना ठाऊकही नव्हते. त्या दिवशी वाटेत जे जे घडले ते कुटुंबाच्या आठवणींतून आणि पुढे १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या कार्ल बेन्झ यांच्या आत्मवृत्तातून आपल्यापर्यंत आले आहे.

पहिली अडचण इंधनाची. या गाडीला आजच्यासारखी मोठी टाकी नव्हती. इंधनाची वाफ हवेत मिसळून देणारे जे पात्र, ज्याला आपण कार्ब्युरेटर म्हणतो, त्यातच काय ते चार-साडेचार लिटर इंधन मावे. हायडेलबर्ग मागे टाकून वीसलोख गावी येईपर्यंत ते संपत आले. हे इंधन म्हणजे लिग्रोइन नावाचा हलका खनिज द्रव. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी लोक तो वापरीत, आणि म्हणून तो मिळे औषधांच्या दुकानात. बर्थाबाई तडक वीसलोखच्या औषधालयात गेल्या आणि तेथला साठा त्यांनी खरेदी केला. जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून ते औषधालय आज ओळखले जाते, आणि त्याच्यासमोर या घटनेचे स्मारकही उभे आहे.

दुसरी अडचण पाण्याची. यंत्र तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळविलेले असे. पण ते पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. त्यामुळे वाट बदलली तरी पाण्याचा तगादा चुकत नव्हता. विहीर दिसली की थांबा, खानावळ दिसली की थांबा, ओढा दिसला की थांबा, असे करीत पाणी भरावे लागले.

पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी आपल्या टोपीला लावलेली लांब टाचणी काढली, नळीत घातली आणि तुंबारा मोकळा केला. त्यानंतर ठिणगी पाडणाऱ्या तारेवरचे वेष्टन झिजून वीज भलतीकडे जाऊ लागली. विजेला अडविणारे काहीतरी मधे घालणे अवश्य होते. पायमोजे वर धरून ठेवणारा लवचीक पट्टा या कामी आला. यंत्राची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या साखळीने त्रास दिला, तेव्हा ब्रुखझाल गावच्या लोहाराने ती नीट करून दिली. त्या लोहाराने आयुष्यात मोटार पाहिली नव्हती. पण साखळी म्हणजे काय आणि लोखंड कसे वागते, हे त्याला पक्के माहीत होते.

मग चढ आले. गाडीला दोनच गती होत्या, आणि चढावर त्यांतली कमी गतीही पुरेना. एकाने सुकाणूचा दांडा धरावा व दोघांनी खाली उतरून ढकलावे, अशी पाळी आली. फोर्त्सहाइमच्या अलीकडच्या चढणींवर वाटेवरच्या शेतकऱ्यांनीही हात लावला. चढामागे उतार आलाच. आणि उतारावर खरे संकट उभे राहिले. ब्रेक म्हणजे चाकावर घासणारा लाकडी ठोकळा. घासून घासून तो झिजला. लाकूड गुळगुळीत झाले की पकड जाते, आणि उतारावर पकड गेली की जीव जातो. बर्थाबाईंनी बाउश्लॉट गावच्या एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. चामड्याची पकड लाकडापेक्षा चांगली, आणि ते झिजले तर बदलता येते. आज प्रत्येक मोटारीच्या ब्रेकला जे बदलता येणारे अस्तर असते, त्याचा हा पूर्वज.

दिवस मावळल्यावर ही मंडळी फोर्त्सहाइमला पोचली आणि सुखरूप असल्याची तार मानहाइमला गेली. काही दिवसांनी थोड्या वेगळ्या वाटेने ती गाडीनेच परतली.

श्रोतेहो, ही कथा येथवर साहसकथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते, आणि टाचणीचे व पट्ट्याचे कौतुक करून संपविली जाते. परंतु माझ्या मते तिचा मोलाचा भाग परत आल्यानंतरचा आहे. गाडी पोचली होती. आता कारखान्याची जाहिरात करावयाची होती. घरचाच पैसा अडकलेला होता. अशा वेळी 'प्रवास उत्तम झाला' एवढे सांगून मधल्या भानगडी झाकून ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा. तसे झाले नाही. चढावर शक्ती अपुरी पडते, आणखी एक कमी गती हवी. ब्रेक टिकत नाही, त्याला अस्तर हवे, हे सर्व कार्ल बेन्झ यांच्यापुढे स्पष्ट मांडण्यात आले, आणि त्यांनीही ते मनाला न लावून घेता गाडीत चढासाठी जादा गतीची सोय केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात म्यूनिकच्या प्रदर्शनात या गाडीस सुवर्णपदक मिळाले. पुढे अकरा वर्षांनी, १८९९ साली, त्यांच्या कारखान्यातून वर्षाला ५७२ गाड्या बाहेर पडत होत्या. पदक प्रदर्शनात मिळाले. पण ते मिळविण्याची पात्रता वीसलोख, ब्रुखझाल आणि बाउश्लॉट या गावांच्या रस्त्यावर आली होती.

आता दुसरा धडा पाहू. तो चाकांचा आहे. बर्थाबाईंच्या गाडीला हवा भरलेले टायर नव्हते. योगायोग असा की, त्याच १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलीसाठी हवेच्या टायरचे एकस्व घेतले. सायकलीला तो मानवला; पण जड, वेगवान मोटारीचे ओझे हवेवर तोलले जाईल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

१८९५ सालच्या जूनमध्ये फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दो आणि बोर्दोहून परत पॅरिस अशी मोटारींची मोठी शर्यत झाली. अंतर सुमारे १,१७८ किलोमीटर. एमिल लेव्हासोर हे आपली गाडी घेऊन सर्वांच्या आधी परतले. त्यांना ४८ तास आणि ४८ मिनिटे लागली. वाटेत रूफेक गावी त्यांच्या जागी दुसरा चालक बसावयाचा होता. पण लेव्हासोर ठरल्या वेळेच्या इतके आधी, रात्रीच, तेथे पोचले की तो चालक झोपलेला होता. थांबण्याऐवजी ते तसेच पुढे निघाले आणि जवळजवळ सारा प्रवास एकट्याने पुरा केला. एवढे करून पहिले बक्षीस त्यांना मिळाले नाही, कारण नियमाप्रमाणे गाडी चार आसनांची हवी होती आणि त्यांची होती दोन आसनांची!

याच शर्यतीत आंद्रे आणि एदुआर हे मिशलँ बंधू 'एक्लेर', म्हणजे 'वीज', नावाची गाडी घेऊन उतरले होते. तिच्या चाकांना त्यांनी हवेचे टायर बसविले होते. रस्ते घोड्यांचे, त्यामुळे नालांचे गळलेले खिळे जागोजाग पडलेले. टायर फुटावा, उतरावे, भोक शोधावे, ठिगळ लावावे, हवा भरावी, चार मैल जावे, पुन्हा फुटावा, असा तो प्रवास झाला. ठरलेल्या शंभर तासांच्या मुदतीत ती गाडी परत आली नाही. शर्यतीच्या हिशेबाने हा पराभवच होय. परंतु नुसते शेवटचे अंतर आणि वेळ न पाहता ज्यांनी मधला प्रवास पाहिला, त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, हवेवर मोटारीचे ओझे तोलले जाते; टायर धड असतो तेव्हा यंत्राला बसणारे हादरे पुष्कळ कमी होतात. दुसरी, टायर फुटणार हे धरूनच चालले पाहिजे, म्हणून तो झटपट काढता-घालता आला पाहिजे. थोड्याच वर्षांत भरीव रबराचे टायर मागे पडले आणि हवेच्या टायरांनी मोटारीची चाके व्यापली. जो वारंवार हरला, त्याच्याच बाजूने अखेर निकाल लागला.

तरीही टायर फुटला की रस्त्यातच बसून ठिगळ लावावयाचे, हा त्रास उरलाच होता. यावर उपाय वेल्समधील लानेली या गावी निघाला. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी एक जादा चाक तयार केले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर बसविलेली ती नुसती धाव होती. फुटलेल्या चाकाच्या बाजूला ती आवळून बसवावी आणि पुढे चालू लागावे. डेव्हिस बंधूंचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. त्यावरून त्या चाकाला 'स्टेपनी' हे नाव पडले. इंग्लंडमध्ये आता हा शब्द बहुतेक विस्मृतीत गेला आहे. पण आपल्याकडे बेळगावच्या ट्रकचालकापासून इंदूरच्या टॅक्सीवाल्यापर्यंत प्रत्येकजण 'स्टेपनी आहे ना?' असेच विचारतो. ते विचारताना आपण वेल्समधल्या एका गल्लीचे नाव घेत आहोत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. एका लहान गावातल्या दोघा भावांचा उपाय असा शब्दरूपाने सातासमुद्रांपलीकडे जिवंत राहिला आहे.

तिसरा धडा माहितीचा. गाडी बंद पडणे ही अडचण अर्धी. मदत कोठे आहे हे ठाऊक नसणे ही उरलेली अर्धी. वीसलोखच्या औषधालयात लिग्रोइन मिळेल हे बर्थाबाईंना सुचले. सर्वांनाच ते सुचेल असे नाही. १९०० साली त्याच मिशलँ बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक लहानसे लाल पुस्तक छापले आणि फुकट वाटले. आज त्या पुस्तकाचे नाव मोठमोठ्या उपाहारगृहांच्या मानांकनाशी जोडले जाते. परंतु मूळच्या पुस्तकात टायर कसा बदलावा, इंधन कोणत्या गावी मिळेल, दुरुस्ती करणारा कोठे आहे, मुक्कामाची सोय कोठे आहे, अशी माहिती होती. टायर विकणाऱ्यांचा त्यात स्वार्थ होता, हे खरेच. लोकांनी जितका दूरचा प्रवास करावा तितके टायर झिजावे! पण तो स्वार्थ लोकांच्या सोयीच्या वाटेने गेला. पुढे इंग्लंडमध्ये १९०५ साली आणि जर्मनीत १९०३ साली वाहनधारकांचे संघ स्थापन झाले. कालांतराने त्यांची माणसे सायकलींवर, मोटारसायकलींवर आणि मग गाड्यांतून रस्त्यांवर फिरून अडलेल्यांना मदत करू लागली. ब्रुखझालचा लोहार आता फिरता झाला.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, या झाल्या जुन्या गोष्टी. आजच्या मोटारीला टोपीची टाचणी काय करणार? प्रश्न रास्त आहे. आजची मोटार विद्युत्कणांच्या यंत्रणेवर चालते. तिच्या पोटात काय बिघडले हे चालकाला डोळ्यांनी दिसत नाही. आपल्याकडील कितीतरी कुटुंबे आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी युरोपात आहेत. त्यांना भेटावयास जाणारे आईबापही भाड्याची गाडी घेऊन तीन-चार देश पालथे घालतात. त्यांच्या दृष्टीने दुरुस्तीचे कसब मागे पडून तयारीचे आणि सावधपणाचे कसब पुढे आले आहे. पण नीट पाहिले तर धडे तेच आहेत.

इंधनाचेच घ्या. १८८८ साली इंधन कोठे मिळेल हा प्रश्न होता. आज ते पावलोपावली मिळते, पण कोणते घ्यावे हा प्रश्न आहे. सीमा ओलांडली की शब्द बदलतो. जर्मनीत 'बेन्झिन' म्हणजे पेट्रोल, इटलीत 'बेन्झिना' म्हणजेही पेट्रोल. फ्रान्समध्ये 'गाझोल' म्हणजे डिझेल. स्पेनमध्ये 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल, पण 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. आणि चेक देशात 'नाफ्ता' म्हटले की डिझेल मिळते! पेट्रोलच्या गाडीत डिझेल किंवा डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेले की प्रवास तेथेच थांबतो. म्हणून २०१८ सालापासून युरोपीय संघाच्या देशांत एकसारख्या खुणा लावल्या आहेत. पेट्रोलला वर्तुळ, त्यात 'ई ५' किंवा 'ई १०'. डिझेलला चौकोन, त्यात 'बी ७'. गाडीच्या टाकीच्या झाकणाजवळची खूण आणि पंपावरची खूण जुळवून पाहावी; शब्दावर विसंबू नये. जाता जाता सांगतो, 'बेन्झिन' हा शब्द बेन्झ यांच्या नावावरून आला असा अनेकांचा समज असतो. तो खरा नव्हे. एका सुगंधी राळेच्या नावावरून रसायनशास्त्रज्ञांनी तो घेतला, आणि त्या राळेचे नाव अरबी 'लुबान जावी'पर्यंत मागे जाते. आपल्या घरात धुपाटण्यावर जळणारा लोबान हा या शब्दाचा दूरचा नातेवाईक!

ब्रेकचेही तेच. आल्प्स पर्वतात इटलीच्या हद्दीत स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे. तिची उंची २,७५७ मीटर, आणि एका बाजूच्या रस्त्याला नागमोडी वळणे ४८. अशा उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात, त्यांतले तेल उकळते, आणि पायाखालचा दांडा पोकळ लागू लागतो. बाउश्लॉटच्या कारागिराने ठोकलेल्या चामड्याच्या जागी आज कितीही उत्तम अस्तर असो, तापलेल्या ब्रेकची पकड सुटते, हा निसर्गाचा नियम बदललेला नाही. उपाय आपल्या आंबोली आणि चोर्ला घाटांत गाडी हाकणाऱ्या जुन्या चालकांनाही ठाऊक असतो: ज्या गियरमध्ये चढावे, त्याच गियरमध्ये उतरावे; यंत्रालाच गाडी आवरू द्यावी. बर्थाबाईंनी मागितलेली कमी गती चढासाठी होती; तिचा तेवढाच उपयोग उतारालाही आहे.

आणि गाडी बंद पडलीच तर? आजच्या मोटरमार्गावर सर्वांत मोठा धोका बिघाडाचा नसून मागून वेगाने येणाऱ्या वाहनांचा असतो. १९६८ सालच्या व्हिएन्ना येथील रस्तेवाहतूक-करारात बंद पडलेल्या गाडीची सूचना देणाऱ्या साधनाचा समावेश आहे. तोच हा लाल त्रिकोण. फ्रान्समध्ये २००८ पासून त्रिकोण आणि चकाकणारे जाकीट दोन्ही गाडीत असणे सक्तीचे आहे. शिवाय ते जाकीट मागच्या सामानाच्या पेटीत ठेवून चालत नाही, हाताशी असावे लागते. कारण ते घालूनच बाहेर उतरावयाचे असते. उतरताना रहदारीच्या उलट बाजूने उतरावे, सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे, आणि मगच मदत मागावी. युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२ हा संकटकाळचा एकच क्रमांक आहे. फ्रान्सच्या मोटरमार्गांवर कडेला केशरी दूरध्वनीचे खांब आहेत. तेथून बोलले म्हणजे आपण नेमके कोठे आहोत ते पलीकडच्या माणसास लगेच कळते. त्या मार्गांवर आपल्या पसंतीची मदतगाडी बोलावण्याची मुभा नसते. नेमून दिलेलीच येते. जर्मनीच्या ऑटोबानवर तर टाकी रिकामी होऊन गाडी थांबली, तरी दंड होऊ शकतो. कारण इंधन संपणे हा टाळता येण्याजोगा बिघाड समजला जातो. वीसलोखच्या औषधालयापासून येथवर जग केवढे बदलले, ते या एका नियमावरून दिसते.

या सर्व हकीकतींचे सार काढावयाचे झाले तर ते मी असे काढीन. बिघाड होणारच, हे मनाशी धरून निघणारा प्रवासी भित्रा नव्हे. तोच खरा धीट. स्टेपनी सोबत घेणे म्हणजे प्रवासावर अविश्वास दाखविणे नव्हे, तर तो पुरा करण्याचा निश्चय करणे होय. दुसरे असे की, मोठ्या शोधाच्या पाठीशी लहान माणसांची कसबे उभी असतात. मोटारीच्या इतिहासात कार्ल बेन्झ यांचे नाव अग्रभागी राहील, आणि ते राहावे. पण त्याच ओळीत औषधविक्रेता, लोहार, जोडे शिवणारा आणि चढावर हात लावणारा शेतकरी यांना जागा दिल्याखेरीज तो इतिहास पुरा होत नाही.

आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे: बिघाड झाला तो सांगितला पाहिजे. झाकलेला बिघाड एकाच गाडीत राहतो आणि पुढच्या प्रवाशाला पुन्हा त्याच जागी गाठतो. सांगितलेला बिघाड मात्र पुढच्या सर्व गाड्यांतून निघून जातो. भाड्याची गाडी परत करताना 'ब्रेक जरा सैल वाटतो' हे चार शब्द सांगण्याचा आपण कंटाळा करतो. आपले काम झालेले असते. पण त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची मुलेबाळे बसणार असतात.

बर्था बेन्झ दीर्घायुषी झाल्या. ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय पद दिले. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. २००८ साली त्यांच्या जाण्यायेण्याच्या सुमारे १९४ किलोमीटरच्या वाटेस त्यांचे नाव देऊन ती स्मृतिमार्ग म्हणून खुली करण्यात आली. आज त्या वाटेने कोणतीही मोटार काही तासांत विनासायास जाऊन येते. तिला वाटेत कोठेच अडावे लागत नाही. ते लागू नये, यासाठीच त्या दिवशी एक गाडी पुन्हा पुन्हा अडली होती.